सुताराची चूक

“थांब, गंज वाळतोय,” बाबा म्हणाले.

लेक दारातच थांबली. रस्ताभर घोटून पाठ केलेलं वाक्य तिला गिळावं लागलं. बाबांच्या हातात काडेपेटीहून जरासा मोठा मालगाडीचा डबा होता. कालच पुरा झालेला, कोरा करकरीत. आणि आता ते बारीक ब्रशने त्याच्या बिजागऱ्यांखाली तपकिरी रंगाचे ओघळ काढत होते. नवी वस्तू इतक्या प्रेमाने जुनी करणारा माणूस तिने दुसरा पाहिला नव्हता. स्वतःच्या म्हातारपणाबद्दल मात्र एक अक्षर बोलतील तर शपथ.

गेल्या महिन्यात ते न्हाणीघरात पाय घसरून पडले. घरात एकटेच. शेजाऱ्यांना आवाज गेला म्हणून निभावलं. तेव्हापासून लेकीची झोप उडाली होती. बाबांना आपल्याकडे न्यावं, हे कित्येक वर्षं तिच्या मनात होतंच; आता न्यायचंच, असं तिने ठरवलं होतं. अडचण एकच, आणि ती खोलीच्या मधोमध पाय रोवून उभी होती.

आगगाडीचं टेबल. लेकीने नवं घर घेतलं आणि पाठोपाठ आई गेली. इथली ही खोली बाबांना खायला उठायची. मग त्यांनी गल्लीतल्या सुताराकडून प्लायवूडचं, पलंगाहून मोठं टेबल करून घेतलं आणि त्यावर एक जग मांडलं. स्टेशन, बोगदा, सिग्नल, मालधक्का. दाढीच्या ब्रशचे केस कातरून केलेलं गवत. बाकावर पेंगणारा नखाएवढा हमाल. सगळं कसं देखणं, पण एका कोपऱ्याने घात केला होता. तिथे टेबलाला एक चौकोनी खाच होती. बरं, खोलीत त्या जागी काही असेल तर तसंही नाही. ना कपाट, ना खिडकी. तरी रुळांना त्या खाचेला वळसा घालून जावं लागे. वळण इतकं आवळलेलं की प्रवासी गाडीचे लांब डबे तिथे हमखास घसरत. आणि बाबांचा खरा जीव त्या लांब डब्यांवर! आतल्या बाकांपासून खिडक्यांच्या गजांपर्यंत हाताने घडवलेले ते डबे काचेच्या कपाटात शोभेला जाऊन बसले. बाबा आपले वर्षानुवर्षं चार चाकांचे आखूड मालडबे करत राहिले.

“सुताराने वाट लावली तुमच्या टेबलाची,” लेक दर भेटीत म्हणायची. “तेवढी फळी बसवून घ्या ना.”

“असू दे गं,” एवढंच बाबा म्हणायचे. त्यांच्यासारखंच गाड्यांचं वेड असलेले एक स्नेही ते वळण बघून कपाळाला हात लावून गेले. लेकीने तर एकदा सुताराला भर रस्त्यात गाठून चांगलं फैलावर घेतलं. तो नुसता हसला. त्यावरून ती आणखीच भडकली.

गंज वाळला. बाबांनी डबा रुळांवर ठेवला, बोटाने पुढेमागे केला, चष्मा कपाळावर सरकवला.

“हं. बोल, ठमे.”

पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे पळालं. “बाबा, मला भीती वाटते,” ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. “फोन वाजला की वाटतं, तुमच्या शेजाऱ्यांचाच असणार. तुम्ही माझ्याकडे या. राहायला. कायमचे. यातून तुमचा पाय निघणार नाही, माहितीये मला. माझी मागची खोली ती केवढीशी, त्यात कोपऱ्यात तो मेला खांब. तुम्हीच आला होतात ना पडद्यांची मापं घ्यायला. हे टेबल तिथे नाही मावायचं. तुमची गाडी हिसकावून घेतेय मी, कळतंय मला. शिव्या द्या हवं तर. पण या.”

बाबा खुर्चीचा हात धरून उठले आणि सावकाश टेबलाखाली वाकले.

“अहो, कंबर!” लेक ओरडली.

खालून खुडबुड ऐकू आली. मग त्यांनी एकेक करत बोल्ट तिच्या तळहातावर ठेवले. बोगद्याच्या तोंडाशी, गवतात लपलेली एक सरळ फट उघडली. रूळसुद्धा तिथे आधीच कापलेले होते. अख्खं स्टेशन अलगद सुटं झालं. मागोमाग मालधक्काही. प्रत्येक तुकडा दारातून सहज निघेल एवढाच.

लेक बघतच राहिली. “हे कधी केलंत?”

“पहिल्यापासून असंच आहे.”

“आणि मला बोलला नाहीत? तुम्ही नाही म्हणाल म्हणून मी इतकी वर्षं तोंड उघडलं नाही!”

“मग मी काय, न बोलावता बिऱ्हाड घेऊन लेकीच्या दारात उभा राहू?” बाबा म्हणाले. “वाट बघत होतो तुझी.” आणि ते डब्यावरची नसलेली धूळ फुंकत बसले.

लेक रडता रडता हसायला लागली. पदराने नाक पुसून तिने कडेचा तुकडा उचलायला घेतला.

“हळू! तो खाचेचा आहे, जपून धर,” बाबा म्हणाले. “आणि त्या बिचाऱ्या सुताराला नावं ठेवणं आता बंद कर. त्याचं माप चुकलेलं नाही. ती खाच तुझ्या खांबाची आहे.”