पडवीतला हिमालय

वासंतीने पडवीच्या खांबांना झोळी बांधली, खाली बर्फाची परात ठेवली आणि बर्फावर टेबलफॅनचा वारा सोडला. पुढच्या महिन्यात हिमाचलच्या देवदारांत असंच झाडांना झोळी बांधून झोपायचं होतं. चिपळूणच्या उकाड्यात तिथली थंडी अजमावायला दुसरा उपाय नव्हता.

वरून दोन रजया घेऊनही पाठ गारठली. अंगाखाली गोधडी घेतली, तर ती वजनाने चेपली आणि ऊब धरेना. शेवटी तिने गोधडी झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगाला सैलसर बांधली. पाठीला हळूहळू ऊब आली.

“या वयात झाडाला लटकून झोपायचं? मी येणार नाही,” असं आठवडाभर ऐकवणारे दिनकरराव दारातून बघत होते.

“अहो, गारठा खालून येतो,” ती म्हणाली.

“उतर बघू.” ते झोळीत शिरले आणि डोळे मिटून पडून राहिले.

“फॅन वाढव,” जरा वेळाने ते म्हणाले. “तिकडे वारा सुटला तर आपण काय करणार?”