सूरजची वाट

पडद्यावर पारूबाईचं तोंड भिंतीएवढं झालं आणि तिनं पदर ओढून खरं तोंड झाकलं.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्या छोट्या हॉलमध्ये शंभरेक खुर्च्या होत्या. चित्रपट महोत्सवाच्या शेवटच्या दुपारी त्या सगळ्या भरल्या होत्या. पहिल्या रांगेत पारूबाई आणि तिची सून राजनंदिनी. राजनंदिनीला डाव्या कानानं ऐकू येत नसे, म्हणून पारूबाई कुठंही गेली तरी तिच्या उजवीकडं बसायची.

दोघी सकाळच्या एसटीनं गारगोटीहून आल्या होत्या. सिनेमा त्यांचाच होता. नाव ‘सूरजची वाट’. पारूबाईचा एकुलता एक पोरगा, टेम्पो चालवणारा सूरज, सहा वर्षांपूर्वी घरातनं गेला तो आलाच नाही. राजनंदिनी तेव्हा निपाणीला माहेरी होती. ती परत आली तेव्हा घरात सासू एकटीच. “गोव्याला कामाला जातो म्हनला,” एवढंच पारूबाईनं तिला सांगितलं. पोलिसांनाही तेच, गावालाही तेच. पोलिसांनी चार ठिकाणी चौकशी केली, मग तीही थांबली.

ही हकिकत कानावर पडली म्हणून ऐश्वर्या गावात आली. कोल्हापूरचीच मुलगी, पहिलाच सिनेमा. नट-नट्या नकोत, सासू-सुनेनंच काम करायचं, म्हणाली. सरपंच हरखला. शेजारणी पारूबाईच्या मागं लागल्या, “अगं, पोरगा कुटं असंल तितनं बघंल तरी!” यावर नको म्हणायला पारूबाईला काही सुचलं नाही.

सूरजचं काम तेवढं इचलकरंजीच्या एका देखण्या पोरानं केलं होतं. पडद्यावर तो आईच्या मांडीवर डोकं टाकून पडला, तशी पारूबाईच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी यायला लागलं. तिचा सूरज मांडीवर झोपायचा तो शाळेत जायच्या आधी. “आई, पुढं काय झालं सांग की,” म्हणून गोष्ट संपली तरी झोपायचा नाही. हे सगळं तिनं ऐश्वर्याला भरभरून सांगितलं होतं. पुढचा सूरज तिनंही सांगितला नव्हता, ऐश्वर्यानंही विचारला नव्हता.

मागच्या रांगेतल्या बायका तिच्याकडं बघून नाक पुसत होत्या. राजनंदिनी मात्र ताठ बसून होती. पडद्यावरही, खुर्चीतही.

शेवटच्या दृश्यात पारूबाई घरामागं चालत गेली. तिथं जुना शेणखताचा खड्डा होता. कधीचाच बुजलेला, वर गवत वाढलेलं. ती तिथं बसली, जमिनीवर हात टेकला आणि कितीतरी वेळ उठलीच नाही. मग पडदा काळा झाला आणि त्यावर खऱ्या सूरजचा फोटो आला. खाली फोन नंबर. ‘कुणाला दिसल्यास कळवावे.’

राजनंदिनीनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

टाळ्या थांबेनात. लोक उठून उभे राहिले. ऐश्वर्या पुढं आली, दोघींना शेजारी उभं केलं, आणि प्रश्न सुरू झाले. मागनं एका चष्मेवाल्या गृहस्थांनी विचारलं, “शेवटची जागा अफाट आहे. ती कशी निवडली?”

“मी निवडलीच नाही,” ऐश्वर्या हसली. “आम्ही कॅमेरा लावला होता एसटीच्या थांब्यावर. आजींना म्हटलं, सूरजदादांची आठवण आली की रोज जिकडं जाता तिकडं जा. त्या थांब्याकडं आल्याच नाहीत, घरामागं वळल्या. आम्ही कॅमेरा उचलून मागनं पळत गेलो.”

“आजी, तिथंच का हो बसलात?” गृहस्थांनी मऊ आवाजात विचारलं.

कुणीतरी पारूबाईच्या तोंडाशी माइक धरला.

“पाय दुकत हुतं,” ती म्हणाली. “बसलो.”

पुन्हा टाळ्या पडल्या.

समारोपात प्रेक्षकांच्या पसंतीचं बक्षीस ‘सूरजची वाट’ला मिळालं. ऐश्वर्या धावत हॉलबाहेरच्या पायऱ्यांवर आली आणि पारूबाईच्या गळ्यातच पडली. “आजी, आता पुण्याला दाखवणार, गोव्यालापण! आणि पुढच्या महिन्यात मोबाइलवर येतोय. सूरजदादा जिथं असतील तिथं त्यांना दिसणार बघा!”

“देव तुजं भलं करू दे, बाळ,” पारूबाई म्हणाली.

ऐश्वर्या चहा सांगायला कोपऱ्यावरच्या टपरीकडं गेली. राजनंदिनी पायरीवरच मटकन बसली.

“आत्ती, मला निपाणीला पोचवा. आजच्या आज.”

“का गं?”

“गोव्यात दावनार म्हनं. त्यो बघंल. घर बघंल, मी अजून हितंच हाय त्ये बघंल.” तिला धाप लागली. “तुमचं पोटचं पोर हाय, तुमच्याम्होरं कसं बोलू? पर सा वरसं देवाम्होरं दिवा लावून येकच मागतो मी. त्यो नगो यायाला. मी म्हायेरी असताना फोनवर म्हनला हुता, ये तू, जित्ती सोडत न्हाय. आता येतोय बगा त्यो, आत्ती. येनारच की.”

पारूबाई तिच्याशेजारी टेकली. सुनेचं डोकं तिनं आपल्या खांद्यावर घेतलं, केसांवरनं हात फिरवला. समोरनं ऐश्वर्या तीन कप सांभाळत, हसत येत होती. अजून रस्त्याच्या पलीकडं होती.

“भिऊ नगंस,” पारूबाई हळूच म्हणाली. “न्हाय यायचा त्यो.”

“तुमास्नी काय म्हाईत?”

“माती मी माज्या हातानं लोटलीया त्याच्यावर.”