ट्रेलर मागे घेताना

"जोर पाहायचा असेल तर तुमचा ट्रेलर जोडा," यज्ञेश्वरकाका म्हणाले. "रिकामी गाडी तर कोणीही पळवते."

संग्रामने लगेच ट्रेलर विकायला काढलेल्या मोठ्या पिकअपच्या हुकाला अडकवला. सकाळी रायपुरातल्या भनपुरीत, काकांच्या आवारात येईपर्यंत त्याच्या जुन्या, लहान पिकअपने हाच ट्रेलर ओढताना दम टाकला होता.

ट्रेलरमध्ये संग्रामचं फिरतं तारांगण होतं. फुगवायचा घुमट, प्रोजेक्टर, सतरंज्या, सगळा संसार. कोंडागावच्या शाळांना त्याने सोमवारचा शब्द दिला होता आणि वाटेत केशकालचा घाट होता. आधीचा ट्रेलर लहान असतानाही जुन्या गाडीने त्या घाटात हात टेकले होते. आता तर ट्रेलर दुप्पट मोठा. दमदार गाडी मिळाली नाही, तर पोरं आभाळाकडे बघत बसणार, या विचाराने त्याची झोप उडाली होती.

ही गाडी शोधली त्याच्या आईने, मीराबाईंनी. ओळखीत आहे म्हणे कोणाकडे. सकाळी त्यांनी त्याला बळेच इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. "गाडी घ्यायले चालला तू, पंक्चर काढायले नाही." संग्रामने ऐकलं. आईशी वाद घालण्यापेक्षा शर्ट बदलणं सोपं होतं.

गाडी पाहताच तो हरखला. ती काकांच्या मुलीची, देवश्रीची होती. देवश्री नवा रायपुरातल्या एका संस्थेत भूशास्त्रज्ञ होती आणि दगड गोळा करत डोंगरदऱ्या पालथ्या घालायची. तरी गाडीवर एक ओरखडा नव्हता.

"इतकी चांगली गाडी काहून विकून राहिल्या?" संग्रामने विचारलं.

"विकायची की नाही, ते घेणाऱ्याला पाहून ठरवीन," देवश्री म्हणाली. "कोणाच्याही हाती नाही देत मी."

संग्रामला हे पटलं. गाडीवर जीव असणाऱ्या माणसाने असंच वागावं.

काका पुढे बसले. मागे देवश्री आणि काकांची बहीण पूर्णिमाआत्या. रिंग रोड ओलांडून नवा रायपुरच्या रुंद रस्त्याला लागल्यावर संग्रामने पाय दाबला. मागे एवढं धूड असूनही गाडी मजेत निघाली. संग्राम गाणं गुणगुणायला लागला आणि लोक बसलेत हे आठवून गप्प झाला.

"दारू पिऊन चालवता काय?" आत्यांनी मागून विचारलं.

"नाही हो आत्या."

"तंबाखू, गुटखा? नाही, दरवाजे लाल होतात म्हणून विचारलं."

"सुपारीसुद्धा नाही."

"घरी कोण कोण?"

"मी आणि आई."

"जागा आहे ना? गाडी उभी कुठं कराल, म्हणून."

एवढ्या चौकशा बँकवाल्यांनीही केल्या नव्हत्या. पण आत्या म्हटलं की चौकशी आलीच, अशी संग्रामने मनाची समजूत घातली. तेवढ्यात एक कार बाजूने कट मारून पुढे घुसली. काकांनी संग्रामच्या तोंडाकडे पाहिलं. संग्रामने ब्रेक दाबला आणि म्हणाला, "जाऊ द्या, घाईत असेल."

आवाराच्या फाटकाशी परतल्यावर काका म्हणाले, "आता ट्रेलर मागे घेऊन फाटकातून आत लावा."

इथे भल्याभल्यांची फजिती होते. स्टिअरिंग एकीकडे वळवावं, तर ट्रेलर दुसरीकडे जातो. त्यात आत्या खाली उतरून हुकूम सोडू लागल्या. डावीकडे, नाही नाही उजवीकडे, अहो थांबा, थांबले काहून? ट्रेलर वाकडा होऊन फाटकात आडवा अडकला. दुसरा कोणी असता तर आत्यांवर डाफरला असता. संग्राम हसत खाली उतरला.

"आत्या, तुम्ही सांगता ते बरोबरच असंल, मलेच जमून नाही राहिलं. देवश्री, तुम्ही दाखवता काय?"

देवश्री गाडीत चढली. एकदा पुढे, एकदा मागे, आणि ट्रेलर अलगद आत. संग्रामने भर उन्हात टाळ्या वाजवल्या.

"आता परत बाहेर काढा," तो म्हणाला. "मी शिकतो."

तो शिकला. दोनदा चुकला आणि देवश्री पोट धरून हसली, पण शेवटी त्याने ट्रेलर सरळ आत लावला. गाडीइतकीच गाडीवालीही आपल्याला आवडली आहे, हे त्याने मनातल्या मनात कबूल केलं आणि लगेच स्वतःला दटावलं. सौदा अजून व्हायचा होता.

"काका, किंमत बोला."

काकांनी आत्यांकडे पाहिलं, आत्यांनी देवश्रीकडे. तिने गाडीभोवती सावकाश एक चक्कर मारली. संग्रामचा जीव टांगणीला लागला. कोंडागावची पोरं त्याच्या डोळ्यांसमोर आली.

"सोमवारी घाटात न्या," ती शेवटी म्हणाली. "पहिल्या खेपेला मी सोबत येईन."

"म्हणजे पक्कं? आणि पैसे?"

"ते बाबा आणि तुमची आई बोलतील," असं म्हणून तिने किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

संग्रामला आनंद मावेना. तो टुणकन आत बसला, त्याने गाडी सुरू केली, तेवढ्यात देवश्रीला फोन आला आणि तिचा फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला असल्यामुळे घंटी गाडीतच वाजली. गडबडीत त्याचं बोट बटणावर पडलं. सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात मीराबाई बोलायला लागल्या.

"देवश्री बेटा, पाहून झाला काय माझा पोट्टा? पोरगी पाहायले चल म्हटलं असतं तर घरातून हललाच नसता, म्हणून गाडीचं नाव काढा लागलं. पसंत असंल तर हव म्हण, नाहीतर ठरल्यासारखं गाडी विकायची नाही म्हणून सांग अन् वापस धाड त्याले."