उदाहरणातला क्रमांक

दगावलेल्या रुग्णांच्या नोंदी किडनीच्या प्रतीक्षायादीतून कशा पुसायच्या, याच्या सूचना थोरलीने एआय एजंटसाठी लिहिल्या होत्या. उदाहरणापुरता रुग्णक्रमांक हवा होता. त्याच यादीत थांबलेल्या धाकट्या बहिणीचा तोंडपाठ होता, तोच लिहिला. आज सहकारी हसतच म्हणाला, “तुझा एजंट भारी सांगकाम्या! उदाहरणही हुकूम समजून चालवलं. परवापासून तो क्रमांक मृत म्हणून यादीबाहेर आहे. खोटाच होता ना?” थोरलीने तातडीने नोंद परत घातली. तेवढ्यात फोन वाजला. डायलिसिसच्या खाटेवरून धाकटी बोलत होती. “ताई, काल माझ्या रक्तगटाची किडनी आली होती गं. रांगेत माझ्यामागे असलेल्या काकूंना मिळाली. मी आपली उशाशी फोन घेऊन बसलेले.” थोरली हुंदके देऊ लागली. “अगं, रडतेस काय? तुमच्या मशीननं नीट बघूनच दिली असेल ना?”