कार्डातला धवला

सनीने कार्ड साउंडच्या डब्यात सारलं, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. आवाज काही येईना.

"काका, तुमच्या कार्डात काहीच नाय," तो म्हणाला. सनी बुवापाड्याचा साउंडवाला. लग्नसराईत त्याचा डबा रिकामा बसत नसे.

"नाय कसा? मी सवताच्या हातान काढून आनलाय फोनातून," हरिचंद्र म्हणाला.

कुळगावातल्या त्याच्या दारापुढे मांडव पडला होता. नात नेत्रा पाटावर बसली होती, बायका हळदीची परात घेऊन थांबल्या होत्या. हळदीचं पहिलं बोट लागण्याआधी धवला, म्हणजे लग्नाचं जुनं गाणं, गायचा, ही घरची रीत. आणि तो धवला मोतीबाईचाच हवा, हा हरिचंद्राचा हट्ट. मोतीबाई, त्याची बायको, गेल्या पौषात गेली. पण त्याआधी एका दुपारी, नेत्रासाठी गाऊन ठेव असं सांगून, त्याने तिला गायला बसवलं होतं. ती त्याच्यासमोर लाजायची. म्हणून फोन चालू करून त्याने फडताळावर ठेवला आणि आपण ओटीवर जाऊन बसला. नंतर ते त्याने एकदाही ऐकलं नाही. ती होती तेव्हा गरज नव्हती, आणि ती गेल्यावर धीर झाला नाही.

सनीने कार्ड आपल्या फोनात घालून पाहिलं. "हे बघा, फोन विचारतोय. फॉरमॅट मारू काय? एक मिनट में हो जाएगा."

"त्यान काय व्हल?"

"साफ होईल एकदम. नवं कोरं."

हरिचंद्राला बरं वाटलं. कार्ड त्याने सकाळपासून खिशात वागवलं होतं, तंबाखूचा चुरा लागला असेल. साफ झालेलं चांगलंच की! "मार," तो म्हणाला.

"सनीदादा, हात लावू नको!"

पाटावर बसलेल्या नवरीने उठायचं नसतं, म्हणून नेत्रा बसल्या जागेवरून ओरडली होती. सनीचं बोट वरच्या वर राहिलं. "फॉरमॅट मारलास तर आजीचा आवाज कायमचा पुसला जाईल. आजा, तुझा फोन कुठे आहे?"

"फोनाचा काय करायचाय? सगला यातच हाय ना?"

त्याचं काय चुकलं होतं? फोन भरला, नवीन काही मावेना, तेव्हा नेत्रानेच हे कार्ड आणून बसवलं होतं. ती म्हणाली होती, आता आजीचं गाणंसुद्धा कार्डात गेलं. कार्डात गेलं म्हणजे कार्डात. गणपतीत शेजारच्या सदूने आपलं कार्ड असंच काढून डब्यात घातलं, तर रात्रभर भजनं वाजली. सदूचं कार्ड बोलतं आणि आपलं तोंडाला कुलूप लावून बसतं, हा काय न्याय?

"सदूचं कार्ड नुसतं ठेवलेलं होतं, आजा. तुझ्या फोनात जागा नव्हती म्हणून मी हे फोनचाच भाग करून टाकलं. भाकरीत मीठ मळल्यासारखं. आता ते तुझ्या फोनाशिवाय दुसऱ्या कुणाला ओळखत नाही."

हरिचंद्राला मीठ कळलं, भाकरी कळली. बाकीचं डोक्यावरून गेलं. एवढं मात्र समजलं, की आपण 'मार' म्हणालो होतो. तो तसाच घरात धावला.

फोन फडताळावरच होता. रिकामा समजून तो त्याने तिथे टाकून दिला होता. तो बाहेर आणला तेव्हा कार्डाची खाच त्याला सापडेना. शेवटी सनीनेच कार्ड बसवलं. फोन जरा घुटमळला, आणि मग गपचूप त्याने कार्ड ओळखलं.

"ह्याला डब्याची वायर लागत नाय," सनी म्हणाला आणि त्याने माइकच फोनच्या तोंडाशी धरला.

आधी भांड्यांचा आवाज आला. मग मोतीबाई खाकरली, आणि गायला लागली. गणपतीला बोलावलं, गावदेवीला बोलावलं, जात्याला हळकुंडं वाहिली. बायकांनी हळूच सूर धरला. परातीशी उभ्या असलेल्या संध्याकाकूने पदर डोळ्यांना लावला. हरिचंद्र मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. आवाज तिचाच होता, अगदी पुढ्यात बसल्यासारखा, आणि त्याला आनंद व्हावा की रडू यावं हेच कळत नव्हतं.

धवला हळदीच्या वाटीपाशी आला आणि थांबला.

"बस झाला," फोनातून मोतीबाई म्हणाली. "बाकीचा नेत्राच्या हलदीला, तिच्या म्होरं बसून बोलन. सगला आजच बोलला, तर तवा काय बोलू?"

चुलीवरचं काहीतरी ढवळल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

बायका परातीशी तशाच उभ्या. हरिचंद्राने फोन हातात घेतला, उलटा केला, कार्डाच्या खाचेवरून बोट फिरवलं. मग नेत्राकडे पाहिलं.

"जागा संपली काय गो?"

माइक अजून तिथेच होता, म्हणून ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. कुणी हसलं नाही.

"नाय आजा," नेत्रा म्हणाली. "जागा पुष्कल हाय."