दादाने दिलेली शंभर रोपं

विहिरीतला माझा हिस्सा मी दादाला सोडला, तेव्हा त्याने बदल्यात बांबूची शंभर रोपं दिली. "संशोधन केंद्रातली आहेत, चिमे. नव्या बियांची! चाळीस वर्षं फुलायची नाहीत. तुझी नातवंडंही यातूनच टोपल्या विणतील."

सहा वर्षांनी दादाचं बांबूचं जुनं बेट फुललं, म्हणजे आता ते वाळणार. मी धीर द्यायला धावले. केंद्रातल्या बाई तिथेच होत्या.

"या बेटातून रोपं काढून कुठे लावली असतील, तर तीही याच्याबरोबरच फुलतील आणि मरतील."

"छे, कुठेच नाही लावली," दादा म्हणाला.

"जीव जाळू नकोस रे," मी म्हटलं, "माझ्या बेटांतली अर्धी रोपं तुझी."

चार दिवसांनी त्याच्यासाठी रोपं काढायला कुदळ घेऊन रानात गेले.

शंभरच्या शंभर बेटं फुलली होती.