बाहेरची टोळी

“टोळी बाहेरचीच धर,” नागेश सर म्हणाले. “अँकरचं काम इथल्या माणसांना जमायचं नाही.”

प्रियंका लगेच हो म्हणाली नाही. राणीसावरगावच्या अलीकडे डोंगर कापून रस्ता रुंद होणार होता. कापलेली दरड खाली येऊ नये म्हणून तिच्यात अँकर बसवायचे होते. दरडीत तिरपं, खोल भोक पाडायचं, त्यात पोलादी तारांचा जुडगा सरकवायचा, सिमेंटचा घोळ भरायचा आणि तो घट्ट झाला की तारा ताणून तोंडाशी जखडून टाकायच्या. परभणीतल्या कंत्राटदाराच्या ऑफिसात या सगळ्याचा खर्च काढायचं काम तिच्याकडे आलं होतं. डिप्लोमानंतरचं तिचं पहिलंच मोठं काम.

“सर, बाहेरची टोळी म्हणजे त्यांचं येणं-जाणं आलं, खोल्या आल्या, जेवण आलं. गावातली माणसं घेतली तर हे सगळं वाचतं. शिकेपर्यंत काम हळू चालेल, तेही मी धरलंय. तरी खर्च कमीच येतोय.”

“कोण आहेत तुझी माणसं?”

“ऊसतोडीला जाणारी. कष्टाला हटत नाहीत.”

त्यातला एक आपला बाप आहे, हे तिने सांगितलं नाही. सरांनी हिशेब वरून खाली पाहिला, पुन्हा पाहिला.

“बघ बाई. तुझ्या भरवशावर.”

प्रियंकाला थंडीतलं घर माहीतच नव्हतं. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रॅक्टर दारात यायचा, तिचे आईवडील, आश्रुबा आणि सरजाबाई, साखर कारखान्याकडे निघून जायचे आणि घराला कुलूप लागायचं. ती गावातच मावशीकडे राहून शिकली. शाळेला जाताना वाट वाकडी करून आपल्या घरावरून जायची. दाराच्या फटीला डोळा लावायची. आत विझलेली चूल दिसायची, चुलीवर पालथी घातलेली परात दिसायची. तेवढं बघून पुढे जायची. शेजारच्या पोरी बापाबरोबर हुरडा खायला शेतात निघाल्या की ती अभ्यासाचं निमित्त सांगून घरात बसायची.

काम मंजूर झालं त्याच दिवशी तिने गावाकडची एसटी पकडली.

“आप्पा, मुकादमाला न्हाई म्हणून सांगा. औंदा तुमी घरीच.”

“आन खायाचं काय, माय?” आश्रुबा हसला.

तिने सगळं समजावून सांगितलं. आश्रुबा गुडघ्याला मिठी मारून ऐकत राहिला. सरजाबाईला अँकर काही कळला नाही. तिने एवढंच विचारलं, “म्हंजे औंदाची संक्रांत घरी?” आणि पदर डोळ्यांना लावला.

त्या हिवाळ्यात प्रियंका दर शनिवारी गावी येत राहिली. वळणावरून घर दिसायचं आणि दार उघडं असायचं. चुलीतून धूर निघत असायचा. आई तव्यावरची बाजरीची भाकरी थेट तिच्या ताटात टाकायची. एका रविवारी आप्पांबरोबर शेतात बसून तिने हुरडा खाल्ला. राखेने काळे झालेले हात तिने कितीतरी वेळ धुतले नाहीत.

आप्पा मात्र दरडीत भोकं पाडायच्या मशीनबद्दलच बोलत होते.

“मुरूम सरून खडक लागला का मशीनचा आवाज बदलतोय. आता मला डोळे झाकून कळायलंय. पोरं मलाच इचारायलीत, थांबू का जाऊ पुढं?”

कणसं चोळता चोळता ती हसून मान डोलवायची. बापाला एवढं बोलताना तिने कधी पाहिलं नव्हतं. घरी राहायला मिळालं की माणूस कसा फुलतो, असं तिला वाटायचं.

ऊन तापायला लागलं तेव्हा शेवटचे अँकर ताणून झाले. एकही सुटला नाही. आता पुढचं काम जवळपासच बघायचं, असं प्रियंकाने मनाशी ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात नागेश सर तिच्या टेबलापाशी आले.

“कोकणातल्या घाटात काम मिळतंय. खर्च काढायला घे. टोळी बाहेरून न्यायचीय, तेव्हा राहणं-जेवण धर.”

“कुठली टोळी, सर?”

“तुझ्या वडलांची. दडवू नकोस आता, मला केव्हाच कळलंय. सकाळी मीच फोन केला त्यांना. लगेच हो म्हणाले. कोकणानंतर हिमाचलचंही बघतोय आपण.”

सर निघून गेले. राहण्या-जेवणाच्या रकान्यापाशी तिचा हात थांबला तो थांबलाच. ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाली.

घरात सरजाबाई पिशवीत आश्रुबाचे कपडे भरत होती. लेक आल्याचं कळूनही तिने मान वर केली नाही.

“तूच सांग बाई त्यान्ला,” ती म्हणाली.

आश्रुबा ओसरीवर बसून बूट पुसत होता. प्रियंका त्याच्यासमोर खालीच बसली.

“आप्पा, ऊस निदान उन्हाळ्यात तरी घरी धाडायचा तुमाला. ही कामं बारमाही हायेत. एक सरलं की दुसरं, तेबी ह्या टोकाला न्हाईतर त्या टोकाला. न्हाई म्हणा. तुमी घरी ऱ्हावं म्हणून तर म्या हे सगळं केलं.”

आश्रुबाने बूट खाली ठेवला. मग त्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

“उसाच्या फडात आमा नवरा-बायकूला मिळून एक कोयता म्हनत्यात, माय. आश्रुबाला बोलवा, असं आजवर कुणी म्हनलंच न्हवतं.”